मुलीचा खेळ, कॉलेज आणि टायटल नाइन: अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी चार वर्षं कॉलेजच्या टीममध्ये सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच, मुलींचा खेळ) खेळली. तेव्हापासून आधी ओळखीतल्या आणि मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पालकांचे फोन यायला लागले. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मी वकील नाही. नियम, निकाल आणि कॉलेजांचे अहवाल स्वतः वाचून जे कळलं ते इथे आहे, २०२५ अखेरपर्यंतचं.

१. टायटल नाइन म्हणजे नेमकं काय? तो खेळांचा कायदा आहे का?

नाही, तो शिक्षणाचा कायदा आहे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. मूळ इंग्रजी कलम फक्त ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. फेडरल सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. कायद्यामागे प्रतिनिधिगृहातल्या पॅट्सी मिंक व एडिथ ग्रीन आणि सिनेटर बर्च बाय होते. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः मुलींना मेडिकल आणि लॉ कॉलेजांत नाकारले जाणारे प्रवेश होते.

खेळही शिक्षणाचा भाग असल्यामुळे ते आपोआप यात आले. कमाई करणारे खेळ वगळा, अशी दुरुस्ती सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये सुचवली, पण ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियम झाले आणि कॉलेजांना १९७८ पर्यंत मुदत मिळाली.

२. आमच्या मुलीचं कॉलेज प्रायव्हेट आहे. तिथे कायदा लागू होतो का?

बहुतेक होतोच. कॉलेजातले विद्यार्थी फेडरल कर्ज किंवा पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी फेडरल मदत) घेत असतील, तर कॉलेज कायद्याखाली येतं. १९८४ च्या ग्रोव्ह सिटी कॉलेज खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा आकसून टाकला होता. ज्या विभागाला पैसा मिळतो तेवढ्याच विभागाला तो लागू, असा तो निकाल होता. खेळाच्या विभागाला थेट पैसा मिळत नसल्यामुळे अनेक तक्रारी गुंडाळल्या गेल्या. १९८८ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा व्हेटो डावलून नवा कायदा केला आणि पुन्हा अख्खं कॉलेज त्यात आलं. धार्मिक संस्थांच्या ताब्यातल्या कॉलेजांना त्यांच्या श्रद्धेच्या आड येणाऱ्या बाबींपुरती सूट आहे.

३. माझी भाची पुण्याहून एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आली आहे. तिलाही हे संरक्षण आहे का?

हो. कायद्यात नागरिक असा शब्द नाही, 'अमेरिकेतली कोणतीही व्यक्ती' असं म्हटलं आहे. म्हणजे टीममधली जागा, स्कॉलरशिप, सोयी, तक्रार या सगळ्यात तिचा हक्क इतर मुलींइतकाच. अडचण येते ती खेळातून मिळणाऱ्या पैशाची. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. मुलांच्या टीमवर जेवढा खर्च होतो तेवढाच मुलींच्या टीमवर व्हायला हवा ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज. सारखा खर्च करा, असं कायदा म्हणत नाही. तो तीन गोष्टी तपासतो: खेळायला मिळणाऱ्या जागा (प्रश्न ५), स्कॉलरशिप आणि वागणूक.

स्कॉलरशिपचा हिशोब सोपा आहे. कॉलेजच्या खेळाडूंमध्ये ४५ टक्के मुली असतील, तर खेळाच्या स्कॉलरशिपच्या एकूण रकमेतला साधारण ४५ टक्के वाटा मुलींना मिळायला हवा. एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर कॉलेजला कारण द्यावं लागतं. डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा तिसरा गट) आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ कॉलेजं) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, त्यामुळे हा भाग तिथे येत नाही.

वागणुकीत साहित्य, सरावाच्या आणि सामन्यांच्या वेळा, प्रवास, जेवणाचा भत्ता, कोच, लॉकर रूम, फिजिओ, प्रसिद्धी हे सगळं येतं. अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटची किंमत जास्त असली तर तो अन्याय ठरत नाही. पण मुलांचे कपडे कॉलेज धुऊन देतं आणि मुलींना आपापले धुवावे लागतात, तर ठरतो. 'तो पैसा देणगीदारांनी मुलांच्या टीमसाठी दिलाय' ही सबब चालत नाही. देणगीमुळे पडलेला फरक भरून काढणं कॉलेजची जबाबदारी आहे.

माझ्या मुलीच्या कॉलेजात मुलांच्या बेसबॉलच्या मैदानाला दिवे, टर्फ आणि छप्पर असलेली बैठक होती. सॉफ्टबॉलच्या मैदानाला जाळीचं कुंपण होतं आणि टॉयलेट म्हणजे पार्किंगमध्ये उभा केलेला निळा प्लास्टिकचा डबा. पाऊस थांबला की मुली स्वतः दाताळी घेऊन माती सारखी करायच्या. दिवे नाहीत, म्हणून सामने भर दुपारी. सामने दुपारी, म्हणून केमिस्ट्रीची लॅब बुडायची. एका सीझनमध्ये तिच्या पाच लॅब बुडाल्या आणि त्या भरून काढायला ती शनिवारी सकाळी एकटी प्रयोगशाळेत उभी असायची. दिव्यांचा खांब नसल्यामुळे केमिस्ट्रीची ग्रेड खाली येते, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

५. 'तीन कसोट्या' म्हणजे काय?

पुरेशा मुलींना खेळायला मिळतं की नाही हे ठरवण्याचे तीन मार्ग १९७९ मध्ये आखून दिले गेले. कॉलेजने त्यांपैकी एक दाखवला तरी पुरे. पहिला: विद्यार्थ्यांमध्ये मुलींचं जे प्रमाण आहे, साधारण तेच खेळाडूंमध्येही आहे. दुसरा: मुलींसाठी खेळ वाढवत नेल्याचा इतिहास आहे आणि ते काम अजून चालू आहे. तिसरा: मुलींची आवड आणि क्षमता आत्ताच्या टीम्समध्ये पूर्णपणे सामावली आहे.

पहिल्या कसोटीचं गणित फसवं आहे. समजा, कॉलेजात ५४ टक्के मुली आहेत. खेळाडू ६००, त्यात ३३६ मुलं आणि २६४ मुली, म्हणजे मुली ४४ टक्के. सहाशेचे ५४ टक्के ३२४, तेव्हा ६० मुली वाढवल्या की झालं, असं वाटतं. पण मुलं तेवढीच ठेवून मुली वाढवल्या की एकूण संख्याही वाढते. ३३६ मुलं जर ४६ टक्के असायची, तर एकूण साधारण ७३० खेळाडू हवेत आणि मुली ३९४. म्हणजे १३० जागा कमी आहेत, तीन-चार टीम्स भरतील एवढ्या. कॉलेजचा माणूस मीटिंगमध्ये '६०' म्हणाला, तर हा हिशोब कागदावर त्याच्यासमोर मांडा.

६. खरं सांगा ताई, मुलींना खेळात मुलांइतका रस नसतोच. मग ओढूनताणून टीम कशाला?

हा प्रश्न आयांकडूनही येतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

१९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली होत्या २,९४,०१५. २०१८-१९ मध्ये ३४ लाखांच्या वर. पन्नासेक वर्षांत मुलींच्या स्वभावात तर काही फरक पडला नव्हता. मैदानं, कोच आणि बस मिळाल्यावर मुली खेळायला आल्या.

ब्राऊन युनिव्हर्सिटीने १९९१ मध्ये पैसे वाचवण्यासाठी चार टीम्सचा खर्च काढून घेतला: मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांचं वॉटर पोलो आणि गोल्फ. मुली कोर्टात गेल्या. मुलांनाच जास्त रस असतो, तेव्हा जागाही त्यांनाच जास्त असणार, असा युनिव्हर्सिटीचा युक्तिवाद होता. अपील कोर्टाने १९९६ मध्ये तो फेटाळला. आवड पोकळीत जन्मत नाही, संधी आणि अनुभव मिळेल तशी ती वाढते, हा त्या निकालाचा गाभा. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि तो निकाल कायम राहिला.

आपल्याकडे बघा. मुलगा क्रिकेटला गेला तर 'खेळू दे', मुलगी गेली तर 'ऊन लागेल, अभ्यासाचं काय'. पंधराव्या वर्षी ती बॅट खाली ठेवते आणि आपण म्हणतो, तिला रसच नव्हता. मीही एकदा असं बोलले आहे. तेव्हा तिच्या कोचने मला बाजूला घेऊन विचारलं, 'तुम्ही तिचे किती सामने बघितलेत?' तोवर एकही नव्हता.

७. पण मुलींचे सामने बघतं कोण? प्रेक्षकच नसतील तर टीव्हीवाले काय करणार?

अमेरिकेत टीव्हीवरच्या क्रीडा बातम्यांत महिलांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असल्याचं २०१९ च्या बातम्यांच्या अभ्यासात दिसलं होतं. जे दाखवलंच नाही ते लोकांनी पाहिलं नाही, यात नवल नाही.

२०२१ मध्ये सॅन अँटोनिओला महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत ६४ टीम्सच्या वाट्याला डंबेलचा एक छोटा रॅक आला. इंडियानापोलिसला पुरुषांसाठी अख्खी व्यायामशाळा उभारली होती. जागा कमी पडली, असं स्पष्टीकरण एनसीएएने (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने) दिलं. मग ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने फोन फिरवून ती सगळी रिकामी जागा जगाला दाखवली. त्यानंतर कॅप्लन या लॉ फर्मने केलेल्या चौकशीत खोल गोष्टी निघाल्या. 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा फक्त पुरुषांच्या स्पर्धेसाठी वापरलं जात होतं. महिलांच्या स्पर्धेचे प्रसारण हक्क इतर अनेक खेळांच्या गठ्ठ्यात बांधून स्वस्तात विकले होते. महिलांना ते नाव मिळालं २०२२ मध्ये.

आता प्रेक्षकांचं बघू. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मुलींचं व्हॉलीबॉल बघायला ९२,००३ माणसं आली. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांची महिला बास्केटबॉल फायनल सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची सुमारे १ कोटी ४८ लाख. आयोवाची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क हिचा तो कॉलेजमधला शेवटचा सामना. पुरुषांच्या स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांवर कॉन्फरन्सना (कॉलेजांच्या गटांना) जो पैसा मिळतो, तो महिलांच्या स्पर्धेसाठी मात्र जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला.

८. माझ्या मुलाच्या कॉलेजने कुस्तीची टीम बंद केली आणि टायटल नाइनकडे बोट दाखवलं. हे खरं आहे का?

तुमच्या मुलाचं दुःख खरं आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरात कुस्ती म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे. पण कोणतीही टीम बंद करा, असं हा कायदा सांगत नाही. प्रमाण जुळवण्यासाठी मुलींच्या जागा वाढवायच्या की मुलांच्या कमी करायच्या, हे कॉलेज ठरवतं. दुसरा रस्ता स्वस्त म्हणून अनेक कॉलेजं तो धरतात आणि दोष कायद्यावर ढकलतात.

पैसा जातो कुठे, ते बघा. मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉलला वर्षानुवर्षं ८५ पूर्ण स्कॉलरशिप होत्या आणि टीममध्ये शंभराहून जास्त मुलं. बहुतेक कॉलेजांचा खेळ विभाग स्वतःच्या कमाईवर चालतही नाही. कुस्ती, पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पोहणं यांचा बळी जातो तो या अंदाजपत्रकात. कुस्ती प्रशिक्षकांच्या संघटनेने २००२ मध्ये सरकारविरुद्ध खटला भरला होता, तो टिकला नाही. दरम्यान मुलींच्या कुस्तीला एनसीएएने जानेवारी २०२५ मध्ये अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेचा दर्जा दिला. हायस्कूलातल्या मुली मोठ्या संख्येने मॅटवर उतरल्या, म्हणून ते झालं.

९. कॉलेजं आकडे फुगवतात असं ऐकलं. ते कसं ओळखायचं?

एक पद्धत तिहेरी मोजणीची. लांब पल्ल्याची एकच धावपटू क्रॉस कंट्री, इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक अशी तीनदा मोजली जाते. तिन्ही सीझन ती खरोखर खेळत असेल तर हे वैध आहे. पण एखाद्या हंगामात ती शर्यतीत उतरतच नसेल आणि नाव फक्त यादीत असेल, तर नाही. दुसरी पद्धत रोइंगची. यात मोठी टीम मावते, म्हणून काही ठिकाणी कधी वल्हं न धरलेल्या मुलींचीही नावं यादीत भरली जातात.

तिसरी गंमत कागदावरची आहे. मुलींच्या बास्केटबॉल टीमसोबत सराव करणारी मुलं सरकारी वार्षिक अहवालात महिला टीमच्या आकड्यात धरली जातात. टायटल नाइनच्या तपासणीत ती धरता येत नाहीत. तेव्हा १९९४ च्या कायद्यानुसार कॉलेजांनी द्यायचा तो अहवाल शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर जरूर बघा, पण त्याच्याशी टीमच्या वेबसाइटवरचा रोस्टर (खेळाडूंची यादी) आणि सामन्यांचे निकाल ताडून पाहा.

क्विनिपिअॅक युनिव्हर्सिटीने मुलींचं व्हॉलीबॉल बंद करून चीअरलीडिंगची टीम खेळ म्हणून दाखवली. २०१० मध्ये कोर्टाने ती मोजायला नकार दिला, कारण त्याला ना ठरलेले नियम होते ना खरी राष्ट्रीय स्पर्धा. २०१२ मध्ये अपिलातही तेच झालं.

१०. आमच्या कॉलेजात क्रिकेट फक्त क्लब म्हणून आहे. त्याला हे लागू होतं का?

लागू होतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. नियमात क्लब आणि कॉलेजअंतर्गत खेळांचाही उल्लेख आहे. कॉलेज मुलांच्या क्लबला मैदान, निधी आणि गाडी देत असेल, तर मुलींनी क्लब काढल्यावर 'तुमचं तुम्ही बघा' असं म्हणता येणार नाही. शिवाय क्लबमध्ये वीस-पंचवीस मुली नियमित खेळतात ही नोंद तिसऱ्या कसोटीत (प्रश्न ५) उपयोगी पडते. हजेरीची वही ठेवा.

११. मुलीला मुलांच्या टीममध्ये खेळायचं आहे. कॉलेज नाही म्हणू शकतं का?

खेळ कोणता त्यावर आहे. मुलींची वेगळी टीम नसेल आणि खेळ शारीरिक झटापटीचा नसेल, तर तिला चाचणी द्यायला मिळाली पाहिजे (पूर्वी त्या कॉलेजात मुलींना संधी कमी होत्या, ही अट नियमात आहे). बॉक्सिंग, कुस्ती, रग्बी, आइस हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल हे झटापटीचे खेळ. त्यात कॉलेज नाही म्हणू शकतं. पण एकदा टीममध्ये घेतलं की मुलगी म्हणून वेगळी वागणूक देता येत नाही. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममधली किकर हेदर सू मर्सर हिच्या खटल्यात १९९९ मध्ये अपील कोर्टाने हेच ठरवलं.

१२. आता खेळाडूंना थेट पैसे मिळतात. त्यात मुलींचा वाटा किती?

सध्या सगळ्यात धुसर जागा हीच आहे. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी मिळाली. कॉलेज आता ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५-२६ साठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर) रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतं. अनेक मोठ्या कॉलेजांनी त्यातला बहुतांश भाग फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलसाठी ठेवला आहे. हा पैसा स्कॉलरशिपसारखाच प्रमाणात वाटला पाहिजे, असं शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आणि सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत मागे घेतलं. त्याच तडजोडीतल्या मागच्या वर्षांच्या भरपाईच्या वाटपाला महिला खेळाडूंनी २०२५ मध्ये टायटल नाइनच्या आधारे आव्हान दिलं. माझं मत स्पष्ट आहे: कॉलेजच्या तिजोरीतून निघालेला पैसा कॉलेजचाच, त्याला कायदा लागू व्हायला हवा.

एफ-वन व्हिसावर असलेल्यांनी असा पैसा किंवा जाहिरातीचा करार स्वीकारण्याआधी कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि इमिग्रेशन वकील, दोघांनाही विचारा. व्हिसावर काम करण्याचे निर्बंध कडक आहेत. कोचच्या तोंडी आश्वासनावर सही करू नका.

१३. ट्रान्सजेंडर खेळाडूंबद्दल आता नियम काय आहे?

५ फेब्रुवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी एनसीएएने महिलांच्या स्पर्धा जन्मतः स्त्री अशी नोंद झालेल्यांपुरत्या मर्यादित केल्या. सरावाला ती अट नाही. राज्यांनी घातलेल्या अशा बंदीविषयीचे खटले सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सुनावणीला घेतले. घराघरांत यावर मतं तीव्र आहेत. माझी एकच विनंती: ज्या मुलांबद्दल बोलतोय तीही कुणाची तरी मुलं आहेत. आणि संख्येने अगदी मोजकी आहेत. दिवे, लॅब आणि स्कॉलरशिपचे वरचे सगळे प्रश्न त्यांच्यामुळे निर्माण झालेले नाहीत.

१४. गरोदर राहिल्यास स्कॉलरशिप जाते का?

त्या कारणाने काढता येत नाही. वैद्यकीय रजा आणि परतीची जागा हा हक्क आहे. खेळण्याच्या मुदतीत एक वर्षाची वाढही मागता येते.

१५. मुलींच्या टीमला बाईच कोच का नसते?

पूर्वी असायची. १९७२ मध्ये मुलींच्या टीम्सच्या नव्वद टक्क्यांहून जास्त कोच स्त्रिया होत्या, आता निम्म्याहून कमी. पगार आणि प्रतिष्ठा वाढली तशी त्या पदांवर पुरुष आले. उलट दिशेने, मुलांच्या टीम्सवर, स्त्रिया जवळजवळ गेल्याच नाहीत.

१६. तक्रार केली तर मुलीला बेंचवर बसवतील, ही भीती वाटते. काय करावं?

भीती रास्त आहे, पण सूड घेणं बेकायदा आहे. अलाबामातले मुलींचे बास्केटबॉल कोच रॉडरिक जॅक्सन यांनी सोयींबद्दल तक्रार केली आणि त्यांचं कोचपद गेलं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की तक्रारीबद्दल सूड घेणं हाही भेदभावच. तक्रार करणारी व्यक्ती स्वतः खेळाडू असावी लागत नाही. पालकही करू शकतात.

प्रत्येक कॉलेजात टायटल नाइन कोऑर्डिनेटर असतो, आधी त्याला लेखी कळवा. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते, फी नाही. मार्च २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या बारांपैकी सात प्रादेशिक शाखा बंद झाल्या, त्यामुळे वेळ लागेल हे धरून चाला. कोर्टात थेट जाता येतं आणि १९९२ पासून नुकसानभरपाईही मागता येते.

पुरावा मात्र साधा ठेवा. आम्ही सहा पालकांनी एका शनिवारी दोन्ही मैदानांचे एकाच तासाला फोटो काढले, सामन्यांच्या वेळा आणि बुडालेल्या लॅब तारीखवार एका पानावर लिहिल्या आणि ते पान कोऑर्डिनेटरला दिलं. रागाचा एक शब्दही त्यात नव्हता. पहिलं उत्तर यायला अकरा आठवडे लागले. मुलगी ग्रॅज्युएट झाल्यावर दुसऱ्या वसंतात मैदानाला दिवे लागले. तिच्या जुन्या कॅप्टनने संध्याकाळी साडेसातच्या सामन्याचा फोटो पाठवला तेव्हा ती नोकरीच्या गावी होती. फोटो मोठा करून तिने आधी पार्किंगचा कोपरा पाहिला. निळा डबा अजून तिथेच होता.